‘जपून’ म्हणजे नेमकं कुठे लक्ष द्यायचं?

घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असलं की एक वाक्य दिवसातून अनेकदा कानावर पडतं: “जपून हं!” मोरीच्या उंबऱ्यापाशी, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, रिक्षातून उतरताना. त्याच्या मागोमाग बारीकसारीक सूचना येतात. “पायाकडे लक्ष द्या.” “टाच आधी टेकवा.” “गुडघा असा ताठ धरू नका.” यामागे माया असते, काळजी असते, कधीकधी मागच्या पडण्याचा धसकाही असतो. माझा आक्षेप मायेला नाही, सूचनेत बोट जिकडे रोखलेलं असतं त्या दिशेला आहे. ओल्या फरशीबद्दल माणसाला सावध करणं वेगळं आणि त्याचं मन त्याच्याच घोट्याला नेऊन बांधणं वेगळं. पहिल्यामुळे पडणं टळू शकतं. दुसऱ्यामुळे तोल सुधारण्याऐवजी बिघडण्याचा संभव अधिक आहे, असं मानायला बरीच कारणं आहेत. बरीच म्हणतो, निर्विवाद म्हणत नाही. वाद आहे, आणि त्याकडेही येणार आहेच.

आधी उभं राहण्याविषयी. ते आपण काम समजत नाही. “नुसता उभा तर आहे” असं म्हणतो. प्रत्यक्षात उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य घोट्याच्या सांध्याच्या किंचित पुढे असतो. म्हणजे माणूस सतत थोडाथोडा पुढे झुकत असतो आणि पोटरीचे स्नायू त्याला सतत थोडेथोडे मागे खेचत असतात. डोळे मिटून, पाय जुळवून मिनिटभर उभं राहून पाहिलं तर तळपायाखाली दाब कसा पुढे-मागे, आत-बाहेर सरकत राहतो ते कळतं. (साठीपुढच्या वाचकांनी हा प्रयोग भिंतीच्या कोपऱ्यात आणि कुणीतरी जवळ असतानाच करावा.) डोळे, आतला कान, तळव्याची त्वचा आणि स्नायूंमधल्या ताणाच्या जाणिवा यांच्याकडून येणारी खबर एकत्र करून हा सगळा व्यवहार मज्जारज्जू, मेंदूचं खोड आणि लहान मेंदू बहुतांशी आपापसात उरकतात. आपण त्या वेळी कांदे चिरत असतो किंवा फोनवर बोलत असतो.

वय वाढतं तशी ही खबर उशिरा आणि पुसट येऊ लागते. तळव्यांची संवेदना मंदावते, मधुमेह असेल तर आणखीच. त्यावर शरीर एक उपाय शोधतं: नडगीच्या पुढचा स्नायू आणि मागची पोटरी हे एकमेकांच्या विरुद्ध ओढणारे स्नायू दोन्ही एकाच वेळी आवळून धरायचे. सांधा त्यामुळे घट्ट होतो. पण स्कूटरचा ब्रेक दाबून धरून ॲक्सिलरेटर पिळावा तसाच हा प्रकार: इंधन जळतं, आवाज वाढतो, गाडी मात्र जागची हलत नाही आणि ऐन वेळी वळवताही येत नाही. ताठ घोटा शांत उभं राहण्यापुरता कामाला येतो. बसला धक्का बसला, कुणी खांद्याला घासून गेलं, की लागते ती झटकन जुळवून घेण्याची लवचीकता, आणि तीच आवळलेल्या पायात उरत नाही. हे सगळं तरुण पायांतही घडतं, विशेषतः भीती वाटली की. वृद्धांमध्ये ती सवय होऊन बसते.

इथे लक्षाचा प्रश्न येतो. गाब्रिएले वुल्फ या जर्मन संशोधक विंडसर्फिंग शिकत होत्या. वळण घेताना पायांचा दाब, हातांची जागा यांचा विचार करून जमेना, तेव्हा त्यांनी पायांऐवजी फळी कशी कलतेय याकडे मन लावलं आणि वळण जमू लागलं. असा अनुभव पुष्कळांना येतो. बहुतेक जण मित्रांना सांगून तो विसरून जातात, वुल्फबाईंनी त्याचा प्रयोग केला. 1998 मध्ये सहकाऱ्यांसोबत प्रसिद्ध केलेल्या त्या कामात स्कीइंगची नक्कल करणारं एक यंत्र होतं आणि दुसऱ्या भागात स्टॅबिलोमीटर होता. म्हणजे मधल्या आसावर डावी-उजवीकडे कलणारी एक फळी. तिच्यावर दोन्ही पाय रोवून उभं राहायचं आणि फळी शक्य तितकी आडवी ठेवायची. निम्म्या लोकांना सांगितलं, पाय समपातळीत ठेवा. उरलेल्यांना सांगितलं, फळीवर पायांपुढे केलेल्या खुणा समपातळीत ठेवा. पाय फळीवर आहेत, खुणाही फळीवरच आहेत. दोन्ही सूचनांचा अर्थ भौतिकशास्त्राच्या दृष्टीने एकच. तरी शिकणं सारखं झालं नाही. खुणांकडे लक्ष ठेवणाऱ्यांनी पुढच्या चाचणीत जास्त चांगला तोल सांभाळला.

पुढे 2003 मध्ये मॅकनेव्हिन, शी आणि वुल्फ यांनी त्या खुणा पायांपासून लांब सरकवून पाहिल्या. लांबच्या खुणांवर लक्ष ठेवणाऱ्यांचं शिकणं अधिक चांगलं झालं, आणि त्यांच्या तोल सावरण्याच्या हालचाली लहान पण अधिक वेगाने होत होत्या. संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला, की इथे सावरण्याचं काम विचारपूर्वक न होता प्रतिक्षिप्त यंत्रणेकडून होत होतं. त्याआधी 2001 मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली होती. तोल सांभाळता सांभाळता आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. बाहेर लक्ष असलेल्यांनी बटण लवकर दाबलं. म्हणजे तोलासाठी त्यांचं लक्ष कमी खर्च होत होतं. हाताशी लक्षच कमी उरलेल्या माणसाला हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. आणि उतारवयात शिल्लक कमी होते ती नेमकी तिथेच.

हे सगळे प्रयोग तरुणांवरचे, असं म्हणून बाजूला सारता आले असते. पण 2010 मध्ये ब्राझीलमधल्या सुझेते चिव्हियाकोव्स्की यांनी वुल्फ यांच्यासोबत तीच फळी सरासरी सत्तरीच्या आसपासच्या माणसांपुढे ठेवली. पहिल्या दिवशी अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे सराव, दुसऱ्या दिवशी कुठलीही सूचना न देता चाचणी. खुणांकडे लक्ष ठेवून सराव केलेल्यांचा तोल दुसऱ्या दिवशी जास्त वेळ टिकला. सूचना आदल्या दिवशी दिलेली आणि फरक दुसऱ्या दिवशी दिसलेला, म्हणजे हा केवळ त्या क्षणाचा खेळ नव्हता. त्याआधी 2009 मध्ये पार्किन्सन्स असलेल्या रुग्णांना हवा भरलेल्या रबरी चकतीवर उभं केलं होतं. चकती कमी हलवण्याकडे लक्ष द्या, पाय कमी हलवण्याकडे लक्ष द्या, आणि काहीच न सांगणं, अशा तीन तऱ्हा. चकतीवर लक्ष ठेवलं तेव्हा शरीर सर्वांत कमी डुललं. माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच निष्कर्षाने: काहीच न सांगणं आणि पायांकडे बघायला सांगणं यांत फरक पडला नाही. त्याचा एक संभाव्य अर्थ असा, की तोलाची धास्ती असलेलं माणूस न सांगताही आतच बघत असतं. आपल्या सूचना त्याला तिथून बाहेर काढत नाहीत.

स्नायूंचं काय? त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूंतली विद्युत हालचाल मोजण्याची ईएमजी ही पद्धत इथे कामी आली. 2004 मध्ये दंडाच्या व्यायामात असं दिसलं, की हातातल्या दांड्याच्या हालचालीवर लक्ष ठेवणाऱ्यांच्या स्नायूंत, दंडावर लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा कमी हालचाल होती. वजन तेच, आणि खर्च कमी. 2005 मध्ये बास्केटबॉलच्या फ्री थ्रोमध्ये तर, रिंगवर लक्ष ठेवलं तेव्हा नेम सुधारला आणि स्नायूंची विद्युत हालचालही घटली. मनगटावर लक्ष ठेवलं की नको ते स्नायूही मदतीला धावून येत. वयस्क माणसाच्या आवळलेल्या पोटरीकडे आता पुन्हा पाहा. आधीच दोन स्नायू एकमेकांविरुद्ध भांडत असताना “पाय घट्ट धरा” ही सूचना त्या भांडणात तेल ओतते, असा तर्क मला पटतो. तर्कच आहे तो, कारण दंडाचा आणि चेंडूचा प्रयोग म्हणजे जिना उतरणं नव्हे.

भीतीचं प्रकरण मात्र तर्कापुरतं राहत नाही. येल विद्यापीठातल्या मेरी टिनेटी यांनी 1990 मध्ये पडण्याच्या भीतीची मोजपट्टी तयार केली, तीत रोजची कामं होती: आंघोळ, कपडे घालणं, खुर्चीतून उठणं, जिना, घाईने फोन घ्यायला जाणं. ही कामं न पडता करता येतील याचा किती भरवसा वाटतो, हे तिच्यात विचारलं जातं. भरवसा गेला की माणूस काम टाळतो, काम टाळलं की पाय आणखी दुबळे होतात, आणि मग भीती खरी ठरते. उंच चौथऱ्याच्या कडेला उभ्या केलेल्या धडधाकट माणसांवरही प्रयोग झाले आहेत. कड जवळ आली की घोटे ताठतात, डुलणं लहान आणि जलद होतं, शरीर कडेपासून मागे झुकतं. पडू नये म्हणून सगळं आवळून धरणं ही शरीराची जुनी खोड आहे. सत्तरीनंतर काहींना स्वयंपाकघरातली फरशीही तो चौथराच वाटू लागते.

रिच मास्टर्स यांनी 1992 मध्ये गोल्फच्या प्रयोगातून एक कल्पना मांडली, की दडपणाखाली माणूस अंगवळणी पडलेली हालचाल पुन्हा जाणीवपूर्वक चालवायला घेतो आणि तिथेच ती विस्कटते. त्यांच्या हाँगकाँगमधल्या गटाने हीच प्रवृत्ती वृद्धांमध्ये मोजली, तेव्हा आधी पडलेल्यांमध्ये ती जास्त आढळली. त्यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे उलगडून सांगता येत नाही. पडल्यामुळे माणूस आपल्या चालण्यावर पहारा ठेवू लागतो हेही शक्य आहे. पण पहारा सुरू झाल्यावर तो पाय मोकळे सोडत नाही, हे कुणाही फिजिओथेरपिस्टला विचारा.

फिजिओथेरपीच्या खोलीत हे जवळून बघायला मिळतं. खुबा बदललेल्या बाई दोन समांतर दांड्यांमध्ये उभ्या असतात. मुलगी बाजूने म्हणत असते, “आई, उजवा पाय उचल, गुडघा वाकव, आता टाच.” बाईंची मान खाली, खांदे कानांना लागलेले, दांडीवरची बोटं पांढरी पडलेली. प्रत्येक पाऊल स्वतंत्र काम असल्यासारखं उचललं जातं. मग फिजिओथेरपिस्ट जमिनीवर दोन पावलांच्या अंतरावर रंगीत चिकटपट्टी लावते आणि एवढंच सांगते, “त्या पट्टीवर पाय द्यायचाय, काकू.” चाल लगेच सुधारते असं दर वेळी होत नाही, कधीकधी बाई पट्टीचीच भीती घेतात. पण खांदे उतरलेले दिसतात. पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी फरशीवर पट्ट्या आखण्याची रीत तर जुनीच आहे. थबकलेला पाय पट्टी ओलांडायला सहज उचलला जातो, “पाय उचला” म्हटल्यावर उचलला जात नाही.

इथे जाणकार वाचक हटकेल, आणि हटकणं रास्त आहे. 1997 मध्ये स्वीडनच्या उमेओमधून ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटंसं निरीक्षण आलं होतं. वृद्धांच्या निवासातल्या 58 जणांपैकी 12 जण चालता चालता कुणी बोलायला लागलं की थांबत. पुढच्या सहा महिन्यांत त्या 12 पैकी 10 जण पडले. मग चालण्याकडे लक्ष द्यायलाच हवं, असंच यातून सिद्ध होत नाही का? मला वाटतं, उलट. थांबणारी माणसं बोलण्यामुळे पडली नाहीत. त्यांचं चालणंच एवढं महाग झालं होतं, की बोलण्यासाठी खिशात काही उरत नव्हतं. थांबणं ही त्या खर्चाची खूण होती. अशा माणसाला मध्येच बोलून विचलित करू नये, हे खरंच. पण त्याचं चालणं स्वस्त कसं होईल हा प्रश्न तरीही उभा राहतो, आणि पायावर मन रोखल्याने ते स्वस्त होईल याला त्या निरीक्षणात काही आधार नाही.

दुसरी दुरुस्ती मला स्वतःहून करायची आहे, कारण “बाहेर बघा” याचा अर्थ “समोर क्षितिजाकडे बघा” असा लावला तर घोटाळा होईल. चॅपमन आणि हॉलंड्स यांनी 2006 मध्ये चालणाऱ्या माणसांची नजर टिपली. पडण्याचा धोका जास्त असलेले वृद्ध, पाऊल ज्या जागी टाकायचं तिथून नजर लवकर उचलत होते. पाय टेकायच्या आतच पुढच्या अडथळ्याची काळजी सुरू. त्यामुळे पाऊल नेमकं पडत नव्हतं. म्हणून खाली बघणं वाईट आणि वर बघणं चांगलं, असा हिशेब नाही. पायरीची कड बघणं हे बाहेरचंच लक्ष आहे. पाय टेकेपर्यंत तिच्यावर नजर ठेवावी. टाळायचं आहे ते पायाच्या आत शिरणं.

आता त्या वादाकडे. 2021 मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये शेकडो निष्कर्ष एकत्र करणारं विश्लेषण आलं आणि बाहेरच्या लक्षाची सरशी जाहीर झाली. तीनच वर्षांनी, 2024 मध्ये, त्याच नियतकालिकात मॅके आणि सहकाऱ्यांनी तोच ढीग पुन्हा उपसला. त्यांचा दावा असा, की अनुकूल निष्कर्षच छापून येण्याचा कल हिशेबात धरला तर परिणाम फारच लहान उरतो आणि तोही खात्रीचा राहत नाही. त्याआधी 2017 मध्ये डच संशोधकांनी वृद्धांना ट्रेडमिलवर चालवून मध्येच धक्के दिले, तेव्हा बाहेर लक्ष ठेवल्याने स्थैर्य वाढल्याचं त्यांना आढळलं नाही. ओटावामधल्या लाज्वा यांच्या गटाने तर असंही दाखवलंय, की उभं असताना मनातल्या मनात सोपं काही मोजत राहिलं तरी शरीराचं डुलणं कमी होऊ शकतं. म्हणजे खुणेत किंवा चकतीत काही जादू नसावी. मन पायावरून उठलं, एवढंच कदाचित पुरेसं असेल.

मी या वादातून दोन गोष्टी उचलतो. बाहेर लक्ष ठेवा म्हटलं की वृद्ध पडायचे थांबतील, असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडे संशयाने पाहावं. या विषयावर पुस्तकं विकणारे आणि कार्यशाळा घेणारे पुष्कळ आहेत. पण विरुद्ध बाजूही तपासावी. आतलं लक्ष जास्त चांगलं, असं म्हणणारा पुरावा कुठे आहे? मॅके यांनी फायद्यावर शंका घेतली, “पायाकडे लक्ष द्या” या सूचनेला प्रशस्तिपत्र दिलं नाही. सर्वांत वाईट शक्यता धरली तरी सूचना बदलून आपलं काही बुडत नाही. जुनीच देत राहिलो तर कदाचित बुडेल.

एका ठिकाणी हा विचार आपल्याकडच्या अनुभवाशी जुळतो. आषाढी वारीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या, साठी-सत्तरीतल्या बायका आपण पाहतो. खड्डे, चिखल, गर्दी, मागून येणारे टाळ. त्यांचं मन पायात नसतं, वृंदावन कलू नये यात असतं. आयुष्यभर हंडे वाहिल्याचा तो सराव आहे, आणि वारीला निघणारी माणसं मुळातच हिंडतीफिरती असतात. म्हणून त्यावरून मोठा सिद्धांत उभारायला मी धजणार नाही. पण हातातली काठी आडवी ठेवण्याकडे लक्ष दिलं की त्यामुळे पायांचाही तोल सुधारतो, हे 2004 मध्ये वुल्फ यांच्याच गटाने प्रयोगशाळेत नोंदवलं होतं. हातातल्या वस्तूला सांभाळायचं काम दिलं की शरीर खालचं काम आपोआप निभावतं.

घरच्यांनी मात्र क्रम चुकवू नये. सूचनेचे शब्द हे शेवटचं काम आहे. कॅथरीन शेरिंग्टन यांच्या 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात 108 चाचण्या आणि 23,407 माणसं होती, आणि व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण 23 टक्क्यांनी घटलं. त्या व्यायामांत तोलाचा आणि रोजच्या हालचालींचा सराव मुख्य होता. चालायला जा आणि झालं, असं नव्हे. मोरीत पकडायला दांडी, सांडलेलं पाणी लगेच पुसणं, मध्यरात्री उठण्यासाठी बारीक दिवा, टोकाला वळलेली सतरंजी काढून टाकणं, चष्म्याचा नंबर, झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारणं: यांतली एकही गोष्ट म्हाताऱ्या माणसाच्या लक्षावर अवलंबून नाही. हे सगळं केल्यावरच बोलण्याकडे वळावं.

तेव्हा “गुडघा वाकव” ऐवजी “पुढच्या पायरीची कड बघ”, “पाय घट्ट ठेव” ऐवजी “दांडीकडे हात ने”, “नीट चाल” ऐवजी “दारापर्यंत जाऊ या” असं म्हणून पाहा. ऐन पाऊल टाकताना मागून ओरडू नका. सांगायचं ते आधी सांगा, आणि एकच सांगा. फिजिओथेरपिस्टकडे नेलंत तर “कुठला व्यायाम?” याच्या जोडीला “करताना यांनी लक्ष कुठे द्यायचं?” हेही विचारा. तिथे दिलेली सूचना लिहून घ्या, कारण घरी आल्यावर सून, मुलगा आणि शेजारच्या काकू अशा तीन वेगळ्या सूचना सुरू होतात, आणि चालायचं असतं एकाच माणसाला.